राणीच्या ताऱ्यावरचा लाल पट्टा

वोब्रूनच्या रानात वाट चुकलेल्याला आम्ही एकच गोष्ट सांगतो : लाल धर.

आमच्या रानातल्या वाटा राजाच्या शिकारीसाठी आखलेल्या, सुतासारख्या सरळ. आठ वाटा जिथे येऊन मिळतात त्या जागेला आम्ही तारा म्हणतो. प्रत्येक ताऱ्याच्या मधोमध आठ पैलूंचा पांढरा लाकडी खांब असतो, आणि त्याच्या एका पैलूवर, कमरेच्या उंचीला, वीतभर लाल पट्टा. तो ज्या वाटेकडे तोंड करून असेल ती वाट गावाची. म्हातारे सांगत, कुणा राणीचा घोडा उधळला आणि ती दिवसभर ओकांच्या दाटीत फिरत राहिली, तेव्हापासून राजाने हा पट्टा मारायला लावला. राजा गेला, राणी गेली, शिकारवाड्याच्या धुरांड्यांत कावळ्यांनी घरटी केली. पट्टा राहिला. रविवारी चर्चची पायरी न चढणारी माणसंसुद्धा आमच्याकडे पट्ट्यावर श्रद्धा ठेवतात.

अडतीस वर्षं हा पट्टा रंगवणाऱ्या माणसाचं नाव आन्सेल्म गोद्री.

उंच, वाळक्या अंगाचा, कमी बोलणारा. नखांच्या कडा कायम लाल. रानखात्याची नोकरी, बासष्ट खांब, आणि सगळं काम सायकलवर. कॅरिअरला एका बाजूला पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्या बाजूला लाल रंगाचा. लग्न केलं नाही. रविवारी आमच्या सायकल मंडळाबरोबर निघायचा तेव्हा नेहमी सगळ्यांच्या मागे राहायचा. मी मंडळाचा वाटाड्या, सगळे मला कप्तान म्हणायचे, म्हणजे सगळ्यांच्या पुढे. माझ्यापुढे कुणी जायचं नाही हा नियम. आन्सेल्म शेवटचा, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही हाही नियम. आमच्या दोघांच्या मधे जो आहे तो सुखरूप, असं मी अभिमानाने सांगत असे.

त्याची एक खोड होती. खांब रंगवायला घेण्यापूर्वी तो सायकल गावाकडच्या वाटेवरच्या झाडाला टेकवायचा आणि दोरीने बांधायचा. तीन गाठी मारून.

"आन्सेल्म, सायकल आहे की गाय?" आमचा न्हावी गास्पार विचारायचा. "दावं तोडून पळेल म्हणतोस?"

सगळे हसायचे. आन्सेल्म चौथी गाठ मारायचा.

गावात त्याच्या जिवाभावाचं म्हणावं असं एकच माणूस होतं, मात्युरीन. बेचाळीस वर्षांची, शेळ्या पाळणारी, चीज करणारी, पिंढऱ्या अशा की तरुण पोरं तिच्यामागे चढावर धापा टाकत. तिला सायकल शिकवली ती आन्सेल्मने. सीट धरून मागे धावणारा आन्सेल्म आणि "काका, सोडू नका!" असं ओरडणारी परकर-फ्रॉकातली मात्युरीन मला अजून दिसते. तिला बाप नव्हता. इलेर, तिचा बाप, परमुलखातून, ब्रेतान्यातून आलेला, रानापलीकडच्या वीटभट्टीवर कामाला, विजारीला चाप लावून जुन्या सायकलवर जायचा. छप्पन सालच्या हिवाळ्यात तो बर्फात घरी परतताना मठाच्या तळ्यात गेला. तीन दिवसांनी बर्फ फोडून काढला. सायडर, सफरचंदाची दारू, जास्त झाली असणार, असं गाव म्हणालं. तिची आई मरेपर्यंत तसंच मानत राहिली. आमच्याकडे म्हणच पडली. कुणाची सायकल डुलायला लागली की म्हणायचं, "इलेरची वाट धरलीस काय?" इतकी रुळली की मात्युरीनसमोरसुद्धा तोंडातून निघून जायची. ती पुढे बघायची, पायडल मारत राहायची.

आन्सेल्म निवृत्त व्हायचा त्या वर्षी, ऑक्टोबरात, राणीच्या ताऱ्यावर मी त्याच्यासोबत होतो. रंगाचा डबा मी धरला होता. त्याने गावाकडच्या पैलूवर लाल मारला, मग मला खांबाच्या दुसऱ्या बाजूला नेलं. तिथून तळ्याकडे वाट जाते. त्या पैलूवर, पांढऱ्याच्या खालून, काहीतरी गुलाबी वर येत होतं. जखमेवरच्या पट्टीतून येतं तसं.

"जुना रंग फुटतोय," मी म्हणालो.

"अडतीस थर दिलेत पांढऱ्याचे, कप्तान. दर वर्षी एक. दर वर्षी वर येतो."

मग तो सायकलशेजारी पाल्यात बसला आणि त्याने सांगितलं.

तेव्हा तो बावीस वर्षांचा, नोकरीचं पहिलं वर्ष. लढाईच्या काळात काढून टाकलेल्या वाटांच्या नावांच्या फळ्या अजून परत बसल्या नव्हत्या. खांबावर फक्त पट्टा. त्याने खांब खरवडून आठही पैलू पांढरे केले. कुठला पैलू गावाचा हे विसरू नये म्हणून सायकल गावाकडच्या झाडाला टेकवून ठेवली होती, जुने रंगारी करत तसं. धुकं होतं. बोटं वाकेनात म्हणून तो बाजूला जाऊन शेकोटीवर हात शेकत बसला. परत आला आणि सायकलीसमोरच्या पैलूवर लाल मारला. दुपारी बर्फ पडायला लागला. संध्याकाळी तो सूप पीत असताना ओंडक्यांचा गाडीवान दारात आला आणि सहज म्हणाला, "तुझी सायकल पलीकडच्या झाडाला लावली होती रे मी. घोडे जाईनात."

"तेव्हाच मला कळलं," आन्सेल्म म्हणाला. "बाहेर अंधार, बर्फ. म्हटलं, अशा हवेत रानात कोण जातंय? पहाटे जाऊन पुसू. सूप संपवलं, कप्तान. आणि झोपलो."

पहाटे त्याने जाऊन पट्टा खरवडला, बरोबर जागी मारला. इलेर त्याआधीच तिथून गेला होता. परका माणूस. त्याला आम्हीच शिकवलं होतं, लाल धर.

"तिला सांगणार आहे," तो म्हणाला. "ब्रश परत करायच्या आत."

"ती तुझं तोंड बघायची नाही मग."

"माहीत आहे. आणि तिच्याशिवाय मला विचारतं कोण?" त्याने गुलाबी डागावर पांढऱ्याचा जाड हात मारला. "म्हणूनच अडतीस वर्षं गेली."

अकरा नोव्हेंबरला आमच्याकडे स्मारकापाशी लढाईत गेलेल्यांची नावं वाचतात, आणि मग मंडळ सायकली काढून पडक्या मठापर्यंत जाऊन येतं. परतल्यावर कॅफेत सगळ्यांना कांदापातीचं सूप. ते तापवायची पाळी दर वर्षी बदलते. त्या वर्षी मात्युरीनची होती. आन्सेल्मची रंगारी म्हणून ही शेवटची फेरी. सकाळी स्मारकापाशी तो माझ्या कानात म्हणाला, "आज. मठात."

धुकं असं की पुढच्याची पाठ दिसेना. आम्ही चौदा जण. ओल्या पाल्यावर चाकांचा आवाजही होत नव्हता. वाटत होतं, रानच आमच्या अंगावरून हळूहळू सरकतंय. मधेच कुणाचं तरी चाक घसरलं आणि गास्पार ओरडला, "अरे, सकाळीच इलेरची वाट धरलीस?" हशा झाला.

मठाच्या कमानींना छप्पर नाही. धुकं आतही होतं, प्रार्थनेला जमल्यासारखं. आम्ही पाव-चीज काढलं. आन्सेल्म टोपी हातात घेऊन मात्युरीनसमोर उभा राहिला.

"पोरी, थोडं बोलायचं होतं."

"काका, नंतर हो! सूप राहिलंय. गास्पारला थंड सूप मिळालं तर वर्षभर ऐकवेल. मी होते पुढे, तुम्ही या मागून सावकाश." आणि सायकलवर टांग टाकत हसून म्हणाली, "घाबरू नका, लाल धरून जाते!"

दहा हातांवर ती दिसेनाशी झाली. आन्सेल्म टोपी तशीच धरून उभा.

वीस मिनिटांनी आम्ही निघालो. राणीच्या ताऱ्यावर पोचलो आणि मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आठ वाटा, आठही सारख्याच पांढऱ्या, फळ्या उंचावर धुक्यात बुडालेल्या. दिसत होता तो फक्त पट्टा. लाल, ताजा, ओला असावा तसा चमकणारा. मी त्याच्याकडे वळणार, तोच खांबाच्या बुंध्याशी ऑक्टोबरात माझ्याच हातून सांडलेला लाल थेंबांचा डाग दिसला. तो मी गावाच्या बाजूला उभा असताना सांडला होता. पट्टा त्या बाजूला नव्हता. तिथे कोरडा पांढरा रंग होता, वर्षानुवर्षं कुणी हात न लावल्यासारखा. लाल होता तळ्याकडच्या पैलूवर.

गास्पार आन्सेल्मला म्हणाला, "काय रे, चुकीचा मारलास की काय?"

मी म्हणालो, "डबा मी धरला होता. गावाकडेच मारला त्याने."

मग सगळ्यांनी खाली पाहिलं. पाल्यात एकाच सायकलच्या चाकांची ओली रेघ उमटली होती. तळ्याच्या वाटेने गेलेली.

तीस वर्षांत पहिल्यांदा आन्सेल्म माझ्यापुढे गेला. साठ वर्षांचा माणूस, सीटवरून उठून पायडलवर उभा. "मात्युरीन!" त्याची हाक धुक्यात जायची आणि धुकं ती परत करायचं नाही. तळ्याची वाट उतरती आहे, शेवटी वळण न घेता सरळ पाण्यात जाते. साधू तिथे गुरं पाजायला आणत. ब्रेक लावायची बुद्धी व्हावी असं त्या वाटेवर काही नाही.

ती काठावर उभी होती. एक पाय जमिनीवर, पुढचं चाक पाण्यापासून हातभर. पाणी दिसतच नव्हतं. धुकंच तिथे जरा काळं झालं होतं.

"इतके मागे कसे तुम्ही?" ती आम्हाला म्हणाली. मग आन्सेल्मकडे बघून थबकली. "काका, तुम्ही मागे होता? मग पुढे कोण होतं?"

आन्सेल्म सायकलवरून उतरला.

"ताऱ्यापासून माझ्यापुढे होतं कुणीतरी. मला वाटलं काकाच, आडवाटेने आले. जुनी सायकल, विजारीला खाली चाप लावलेले. मी हाका मारल्या, वळून बघेना. इथे आल्यावर त्याने हात मागे केला." तिने आपला हात पाठीमागे नेला, पंजा उघडा, खाली. मागच्याला थांब सांगायची आमची खूण. सायकलवर बसणारं पोरसुद्धा ती जाणतं. "मी करकचून ब्रेक लावला. डोळे वर केले तर कुणी नाही."

ताऱ्यावरून इकडे येणारी रेघ आम्ही पाहिली तेव्हा एकच होती. तिची.

आन्सेल्मने सायकल खाली ठेवली. त्याने सगळं सांगितलं, तिथेच, पाण्याकडे तोंड करून. गाडीवान, घोडे, सूप, झोप. काही गाळलं नाही. मात्युरीन ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर धुक्याचं पाणी साचत होतं आणि ती पुसत नव्हती.

"आई मरताना म्हणाली, तुझा बाप प्यायचा, तू कुणा पिणाऱ्याशी लग्न करू नकोस," ती शेवटी म्हणाली. "माझी आई त्याच्यावर रागावून मेली."

"हो."

"तुम्ही तिच्या शवपेटीला खांदा दिलात."

"हो."

"मला सांगून भागणार नाही, आन्सेल्म." काका नाही म्हणाली ती. सगळ्यांनी ऐकलं. "कॅफेत चला. मी सूप वाढीन. गावातलं प्रत्येक माणूस तिथे असेल. तुम्ही उभं राहून सांगायचं. माझा बाप प्यायलेला नव्हता."

त्याने सांगितलं. मोठ्या आवाजात, टेबलाची कड धरून. सूप निवलं, कुणी चमचा उचलला नाही. गास्पारने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "पोरी, ती म्हण मी किती वेळा..." मात्युरीनने त्याच्या वाडग्यातलं थंड सूप काढून गरम ओतलं. आन्सेल्मच्या वाडग्यातही ओतलं. पण त्याच्याशी बोलली नाही.

सबंध हिवाळा बोलली नाही. आन्सेल्म रविवारी यायचा, शेवटी राहायचा. ती माझ्या मागे, माझ्या मागच्या चाकाला लागून.

मार्चमध्ये रानखात्याने बासष्ट खांबांसाठी माणूस मागितला. मात्युरीनने नाव दिलं. पहिल्याच दिवशी ती राणीच्या ताऱ्यावर गेली. मला बोलावलं होतं. आन्सेल्मला बोलावलं नव्हतं, पण तो आला, लांब उभा राहिला. तिने गावाकडच्या झाडाला सायकल टेकवली, तीन गाठी मारल्या, आणि मला म्हणाली, "कप्तान, सायकलजवळून हलायचं नाही." आठही पैलू खरवडले, पांढरे केले. मग लाल. अर्ध्यावर डबा हातातून निसटायला लागला तेव्हा मागे न बघता म्हणाली,

"काका, डबा धरा जरा. वर धरा."

त्याने धरला. लाल थेंब त्याच्या बुटांवर पडले, तरी त्याने तो खाली केला नाही.

पाच वर्षं झाली. पट्टा तिने मारला तिथेच आहे. तळ्याकडचा पैलू स्वच्छ पांढरा आहे, मी दर रविवारी उतरून बघतो. इलेरची वाट असं आता गावात कुणी म्हणत नाही.

फक्त धुक्याच्या दिवशी, ताऱ्यावरून गावाकडे वळताना, मला मंडळाच्या पुढे राहणं जड जातं. माझ्यापुढे कुणी नसावं हा नियम आहे. पण कधी कधी पुढच्या पांढऱ्यातून चाप लावलेली विजार वरखाली होताना दिसते, आणि मग मी त्याच्यावरची नजर काढत नाही. हात मागे आला की थांबायचं.