तीस दिवसांचा पासवर्ड

मोठ्या सिस्टर कामात चोख. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातून औषधाची वेळ कधी टळली नव्हती. त्या राजीनामा लिहून बसल्यात हे कानावर आलं, तेव्हा हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवालीला राहवेना. ती सरळ वॉर्डात गेली.

सिस्टर आधी ताकास तूर लागू देईनात. मग हळूच म्हणाल्या, "आईला साठीतच विसरायचा आजार जडला होता. आता माझी पाळी. चार वेळा पासवर्ड विसरले. उद्या एखाद्याचा डोस विसरले तर?"

कॉम्प्युटरवाली चपापली. पेशंटच्या नोंदी सुरक्षित राहाव्यात म्हणून दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलायचा, हा नियम तिनेच लावला होता. तिने सहज वॉर्डातली औषधं विचारली. सिस्टरांनी चौदाही खाटांची घडाघडा सांगितली, वेळांसकट. मग हे विसरणं आलं कुठून?

तिने सहा महिन्यांची यादी काढली. पासवर्ड विसरून कोण किती वेळा अडकलं? सर्जन सात वेळा. लॅबवाला सहा. जवळपास सगळेच अडकलेले. कधीच न अडकलेले फक्त दोघं. ह्यांना बरं जमतं! तिने जाऊन विचारलं. एक्सरेवाल्याने अभिमानाने कीबोर्ड उलटा केला. खाली चिठ्ठी डकवलेली. औषधांच्या खिडकीवरची म्हणाली, तिचा एकदम सोपा, चालू महिन्याचं नाव. कुणीही ओळखेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

म्हणजे कुलूप लावायला गेले आणि किल्ल्या दारातच टांगून आले, असं मनाशी म्हणत ती यादी घेऊन सिस्टरांकडे परतली.

"तुम्ही दर वेळी अगदी नवा घेतलात, कुठे लिहिलाही नाहीत. म्हणून विसरलात. चूक माझ्या नियमाची आहे."

सिस्टरांनी यादी दोनदा वाचली. "सर्जन सात वेळा?" म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. राजीनामा मागे पडला. स्मरणशक्तीची तपासणी मात्र करून घेईन म्हणाल्या, आईची आठवण काही जात नव्हती.

हॉस्पिटलच्या साहेबांना पटवायला आठवडा गेला. नवा नियम ठरला: पासवर्ड चांगला लांबलचक, चार-पाच शब्दांचा, बदलायचा तो कुणाला कळल्याचा संशय आला तरच.

"तोंड तिकडे कर," सिस्टरांनी फर्मावलं. कॉम्प्युटरवाली भिंतीकडे वळली. टकटक चालूच राहिली. एवढं लिहितायत तरी काय?

"झालं का हो?"

"थांब गं, अर्ध्यावर आलेय."