लोकांना चालायला हवं

‘मला काहीच नाही गं. पण लोकांना चालायला हवं ना.’

काका हे म्हणाले तेव्हा माझ्या हातात श्रीखंडाची वाटी होती. ती मी खाली ठेवली नाही. एक चमचा तोंडातही घातला. माणूस इतका थकलेला असू शकतो, की अपमान होत असताना जेवत राहतो.

शहराच्या ईस्ट कोस्ट भागातला त्यांचा कॉन्डो, म्हणजे महागड्या सोसायटीतला ऐसपैस फ्लॅट. रविवारची दुपार. टेबलाभोवती आमच्या पॅनेलचे आठ जण. टेबलाच्या कोपऱ्यावर स्टीलचा डबा, डब्यात चिठ्ठ्या. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी आमच्या पॅनेलचा उमेदवार कोण, हे सभासदांनी त्या चिठ्ठ्यांवर लिहून दिलं होतं. नावं दोनच होती. एक बँकेतल्या एका मॅनेजरचं, दुसरं माझं. ज्या लोकांना चालायला हवं होतं ते सगळे त्या डब्यात होते. हात लांब केला की पोचेल इतक्या अंतरावर. कुणी हात लांब केला नाही.

मागचं थोडं सांगायला हवं.

मंडळात दोन पॅनेल आहेत. आमच्या पॅनेलचे सर्वेसर्वा म्हणजे काका. माजी अध्यक्ष, वीसेक वर्षं इथं, सगळे त्यांना काकाच म्हणतात. उमेदवार कायम त्यांच्या दिवाणखान्यात ठरायचा. चार ज्येष्ठ जेवायला जमायचे, मसालेभात व्हायचा, आणि संध्याकाळी ग्रुपवर मेसेज यायचा, की अमुक यांची एकमतानं निवड. आम्ही खाली पसंतीचे अंगठे दाखवायचो. गेल्या वेळी सेंगकांगच्या नव्या वस्तीतल्या तरुण कुटुंबांनी अंगठे दाखवले आणि मतदानाला कुणी फिरकलंच नाही. पॅनेल सपाटून पडलं. मग काकांचा मला फोन आला. म्हणाले, तुझा तर विषयच आहे हा, आता नवी पद्धत तूच लिही.

विषय माझा आहे, हे खरं. इथल्या विद्यापीठात मी पोस्टडॉक करते. राजकीय पक्ष राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कसा निवडतात आणि ती पद्धत कशी सुधारता येईल, यात माझी अकरा वर्षं गेली. कुठल्या देशात चार पुढारी बंद खोलीत नाव ठरवतात, कुठं साध्या सभासदाला मत असतं, कुठं मत असतं पण मोजणी नसते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मी हौसेनं दोन पानी नियम लिहिले. कुणीही सभासद नाव सुचवू शकेल. मतदान गुप्त. मोजणी सगळ्यांसमोर. ज्येष्ठांनी वाचलं, वा वा केलं.

सेंगकांगवाल्यांनी लगेच माझं नाव दिलं. सात वर्षं मी त्यांच्या मुलांचे मराठीचे वर्ग घेते. जोडाक्षरं आली की ती मुलं ‘टीचर, टू हार्ड लाह’ असं इथल्या इंग्रजीत म्हणून पेन्सिली खाली ठेवतात, आणि मी त्यांच्या पुन्हा हातात देते. एवढंच माझं कर्तृत्व. पण नाव आलं तेव्हा मला फार बरं वाटलं. लपवत नाही.

तर जेवणाचा तो रविवार. काका आधी घरावर आले. भारतातून कलाकार येतात, ते अध्यक्षांकडे उतरतात, तुमचा क्वीन्सटाउनचा फ्लॅट केवढासा. मी म्हटलं, गेल्या अध्यक्षांनी सगळ्यांना हॉटेलात उतरवलं होतं. काका हसले. मग गणपतीवर आले. प्राणप्रतिष्ठा अध्यक्षांच्या हातून होते, ही आपली पहिल्यापासूनची पद्धत. ‘आता तुझ्या हातून’ इथपर्यंत आले आणि थांबले. मग ते वाक्य. मला काहीच नाही गं.

जातीचा उच्चार कुणी केला नाही. इथं कुणी करत नाही. पहिल्या भेटीत आडनाव विचारतात, मग गाव, मग गावात घर कुठं. हवं ते सापडलं की विषय बदलून एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, गर्दीबद्दल बोलतात.

‘मग चिठ्ठ्या मोजा,’ मी म्हटलं. ‘लोकांना चालतं की नाही, ते कळेल.’

काकांनी फाइल काढली. चष्मा लावला. माझीच दोन पानं. शांतपणे नियम नववा वाचून दाखवला: ‘एकमत नसल्यास ज्येष्ठांचा निर्णय अंतिम राहील.’ मग पान माझ्याकडे सरकवलं.

‘तूच लिहिलंयस ना?’

मीच लिहिलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं. सगळे नियम लिहून झाल्यावर मला वाटलं होतं की हे जरा जास्त होतंय. ज्येष्ठांना आवडणार नाही. म्हणून एक वाक्य आपणहून जोडलं. कुठल्याही पक्षाच्या घटनेत असं कलम दिसलं की मी त्याखाली लाल रेघ मारते, ही पळवाट आहे म्हणून लिहिते. आणि स्वतःच्या हातानं स्वतःसाठी तीच पळवाट बांधून दिली. त्यांना चालावं म्हणून. लहानपणापासून हेच करत आलेय. कुणी ऊठ म्हणायच्या आत उठायचं. कुणी नाही म्हणायच्या आत स्वतःच नाही म्हणायचं. त्यालाच मी आजवर नम्रपणा म्हणत होते.

काकांपेक्षा मला त्या क्षणी माझा जास्त राग आला.

समोर माझी मैत्रीण बसली होती. सेंगकांगची, सॉफ्टवेअर टेस्टर. माझं नाव तिनंच सुचवलं होतं. ती ताटाकडे बघत होती. तिचा नवरा टेबलावरच्याच एका ज्येष्ठांच्या हाताखाली काम करतो, आणि दोघांचा इथं राहायचा पास त्याच नोकरीवर आहे. मी तिला दोष दिला नाही. आजही देत नाही.

काकांनी मोठ्या मनानं मला सचिवपद देऊ केलं. कामाची मुलगी आहेस, म्हणाले. मी वाटी ठेवायला स्वयंपाकघरात गेले तर काकू मागोमाग आल्या. माझ्या पाठीवर हात ठेवला. अगदी मायेनं म्हणाल्या, ‘तुझ्याकडे बघून कुणाला वाटणारही नाही गं. मग कशाला उगाच पुढं पुढं करतेस?’

पाठीवरचा हात मी काढला. हळूच काढला, पण काढला. बाहेर येऊन म्हटलं, ‘सचिवपद नको. चिठ्ठ्या मोजणार नसाल तर मी या पॅनेलमध्ये नाही.’ आवाज चढला नाही. चढवायची ताकदच नव्हती. कुणी थांबवलं नाही. चपला घातल्या आणि लिफ्टनं खाली आले.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला. मॅनेजरसाहेबांची एकमतानं निवड. खाली अंगठे.

त्या चिठ्ठ्यांवर काय होतं, मला माहीत नाही. कदाचित मला दोनच मतं पडली असतील. तसं असतं तर मी घरी जाऊन गप्प बसले असते. पण हरायचासुद्धा एक हक्क असतो, मोजून हरायचा. तो त्यांनी मला दिला नाही, कारण मोजायचं म्हणजे मी तिथं उभी होते हे मान्य करायचं.

मंडळाच्या घटनेत पॅनेलचा उल्लेखच नाही. अध्यक्षपदाला कुणीही सभासद थेट उभा राहू शकतो. सूचक हवा आणि अनुमोदक हवा. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी मी दिवाणखान्यात वाटी धरून बसले होते. फॉर्म भरला. सूचक म्हणून नवऱ्यानं सही केली. अनुमोदकाची जागा चार दिवस रिकामी राहिली. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांना त्या आठवड्यात नेमकी कामं निघाली. पाचव्या दिवशी मैत्रीण स्वतः क्वीन्सटाउनला आली. दारातच चपला न काढता सही केली. म्हणाली, ‘नवऱ्याला अजून सांगितलं नाहीये. सांगेन.’ चहाला थांबली नाही.

काल काकांचा फोन आला. मागे घे, म्हणाले. कटुता येईल. मंडळ फुटेल. पुढच्या खेपेला तुझा नक्की विचार करू.

‘काका, विचार करू नका. मला मोजून पाडा.’

वार्षिक सभेला तीन आठवडे आहेत. मी पडेन असंच मला वाटतं. सेंगकांगचे सगळे येतील, अशी खात्री नाही. आले तरी काकांसमोर हात कसा उचलतील, म्हणून सभेत माझी पहिली मागणी गुप्त मतदानाची राहील. दुसरी, मोजणी मंचावर व्हावी, मोठ्यानं वाचून. पडले तर माझ्या मतांचा आकडा इतिवृत्तात लिहायला लावीन. पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहीन. कुणाला चालतंय का, हे आता विचारणार नाही.