बाटलीवाला डायनामो

थंडीच्या दिवसांत आमच्या भुईगावात उजाडायला उशीर लागतो. जानेवारीतल्या अशाच एका पहाटे बर्नार्ड मास्तर चर्चमध्ये साडेपाचच्या मिस्सेला निघाले. वळणावर रस्ता कुठे संपला आणि वाडी कुठे सुरू झाली हे त्यांना दिसलं नाही, आणि ते सायकलसकट केळीच्या पाटात जाऊन बसले. तशाच ओल्या पँटीनं त्यांनी मिस्सा ऐकली, गीतंही खड्या आवाजात म्हटली. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस तो, एक पायरी चुकली म्हणून उदाहरण अर्धवट सोडणारा नव्हे.

घरी आल्यावर रिटाबाईंनी पँटीकडे पाहिलं.

"रविवारपर्यंत सायकलला बत्ती लागली नाही, तर सायकल भंगारवाल्याला. मग जा चालत."

"डिलननं पाठवलेली बत्ती आहे की."

"आहे. कपाटात. तिला चार्ज कोण करणार?"

हे खरं होतं. मुलानं कुवेतहून पाठवलेली ती बत्ती रोज उपाशी झोपायची आणि पहाटे डोळे मिटूनच असायची. मास्तरांनी ठरवलं, डायनामो. पाय हलले की उजेड, कुणाची मिनतवारी नाही.

सायकल जाण्याची मास्तरांना एवढी धास्ती का, ते सांगतो. मिस्सेहून परतताना रस्त्यावरच्या मोरीपलीकडे फ्लॉसीचं घर लागतं. लग्नसराईत फ्लॉसी मागच्या पडवीत पहाटेपासून फुगे तळते. ताडी घालून आंबवलेलं पीठ तिच्या मुठीतून तेलात पडतं, आणि लिंबाएवढा गोळा टम्म फुगून आपणच कूस बदलतो. डॉक्टरांनी मास्तरांची शुगर पाहून मैदा, तळण आणि गोड बंद केलं होतं, आणि फुग्यात नेमकी ही तिन्ही. मास्तर रोज तीन खात. चालत जायचं तर शेजारचा युजीन सोबतीला येणार, आणि युजीनच्या पोटात काही राहत नाही.

शनिवारी मास्तर गोखिवऱ्याला सदानंदच्या सायकलच्या दुकानात गेले. गेले एकटेच, पण मागोमाग रिटाबाईंची स्कूटर येऊन थांबली.

सदानंदनं दोन डायनामो पुढे ठेवले. "हा हबमधला. चाकाच्या पोटात बसतो. आवाज झीरो, पायाला कळत पण नाही. फक्त चाक नवीन बांधावं लागेल, सोमवारी देतो. आणि हा बाटलीवाला, टायरला घासून चालतो. हा आत्ता लावून देतो."

आवाज झीरो! मास्तरांचे डोळे लकाकले.

"हबमधलाच. घर्षण म्हणजे शक्ती वाया. शिवाय टायर ओला झाला की ती बाटली घसरते."

"का? परत पाटात जायचा विचार आहे?" रिटाबाई म्हणाल्या. "सदानंद, तो घासणारा फिरवून दाखव बघू."

सदानंदनं बाटली टायरला टेकवली आणि मागचं चाक उचलून फिरवलं. घर्रर्र! दुकानापुढे झोपलेलं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे जाऊन झोपलं.

"हाच लाव."

"अगं, हा अख्खं गाव उठवेल!"

"उठवू दे. अंधारात सायकल येते तर माणसाला आधी चाहूल लागायला हवी."

"कुठल्या माणसाला?"

"कुठल्याही. आणि रविवार उद्या आहे, सोमवार परवा."

मास्तरांनी पाकीट काढलं.

रविवारी पहाटे मास्तर निघाले. पुढे रस्त्यावर हळदीसारखा पिवळा उजेड आणि मागे घर्रर्र. खिडकीतून युजीन ओरडला, "मास्तर, गिरण कधी टाकली?" मास्तर हसले नाहीत. मिस्सेत त्यांचं मन प्रार्थनेत नव्हतं, टायरपाशी होतं.

पण प्रसाद घेऊन बाकावर परतता परतता त्यांना आठवलं, त्या बाटलीला एक खटका आहे. तो ओढला की बाटली टायर सोडून बाजूला होते. उजेड जातो, पण आवाजही जातो.

परतताना मास्तर मोरीवर उतरले. खटका ओढला आणि काळोखात सायकल हातानं ढकलत, मांजराच्या पावलांनी फ्लॉसीच्या पडवीशी पोचले.

चुलीच्या उजेडात पाटावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगावर शाल, मांडीवर बशी. फ्लॉसीनं मास्तरांना पाहिलं आणि तिचा झारा हवेतच राहिला. पाठमोरं माणूस वळलं.

रिटाबाई. एक गाल दुसऱ्यापेक्षा बराच मोठा.

"आवाज कुठे गेला?" गालातला फुगा कसाबसा गिळत त्यांनी विचारलं.

मास्तरांनी फ्लॉसीकडे मोर्चा वळवला. "ही कधीपासून येते इथं?"

फ्लॉसी तेलात बघत म्हणाली, "तुम्ही तिकडे मिस्सेला, की काकी इकडे. वाडीतल्या वाटेनं. गेल्या आठवड्यात तुम्ही एकदम आलात, तर बिचाऱ्या तुमचे तीन होईपर्यंत केळीआड बसून होत्या. मच्छरांनी फोडून काढलं त्यांना."

रिटाबाईंनी शाल सावरली, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा घरची मालकीण झाल्या. "फ्लॉसी, यांना एकच दे. शुगर आहे यांना."

"आणि तुला?"

"मला डॉक्टरांनी काही बंद केलेलं नाही."

"तू डॉक्टरकडे कधी गेली होतीस?"

"गेलेच नाही. म्हणून तर बंद नाही."

मास्तरांनी सायकल खांबाला टेकवली आणि दुसरा पाट ओढून बसले. "मग उद्या सकाळी जाऊ. मीच नेतो, कॅरियरवर बसवून."

तेल चुरचुरत राहिलं. फ्लॉसीनं मास्तरांच्या हातात एक फुगा दिला. रिटाबाईंनी आपल्या बशीतले दोन उचलले आणि त्याच्याशेजारी ठेवले.

"खा," त्या म्हणाल्या, "गार होतील."