दहावा माणूस

आम्ही इस्रायल लोक, कोकणातले ज्यू. शनवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचो, म्हणून कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. लालबागला आमची मोजकीच घरं. त्यातलीही निम्मी बोटीनं इस्रायलला गेली. आम्ही राहिलो.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. आमचे हे मिलची पाळी सुटून घरी येत होते, तेवढ्यात नाक्यावर धरपकड सुरू झाली. ह्यांचा मोर्चाशी संबंध नाही. पण ह्यांच्या खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, तिथं उभा होता, आमच्याच लोकांतला. रोजच्या रोज बदलीवर येणाऱ्या कामगारांना छळतो म्हणून ह्यांनी त्याला चारचौघांत सुनावलं होतं. त्यानं पोलिसाला ह्यांच्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, हा पण दगड मारत होता. शेजारणीच्या नवऱ्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

हे चौकीतनं मार खाऊन सुटून आले तेव्हा लघवीतनं रक्त जात होतं. थोडे दिवस अंथरुणावर काढले, मग गेले.

आमच्यात सात दिवस संध्याकाळी घरी कद्दीश म्हणतात, मेलेल्या माणसासाठी दुवा. तिला आमच्यातले दहा पुरुष लागतात. बायका मोजत नाहीत. कर्फ्यू होता, मांडवी-उमरखाडीची आमची माणसं येणार कशी? सासऱ्यांनी जवळची सगळी घरं पालथी घातली. नऊ झाले.

शेजारीण मालवणची, फटकळ. म्हणाली, "दहावो व्हयो तर आमच्या घोवाक बसवा गे, टोपी घालून. गप बसूचा काम तेका बरा जमता."

त्या दिवसांत मी तेवढीच एकदा हसले.

दहावा एकच उरला होता, तो जॉबर. मी सासऱ्यांना म्हटलं, "मामा, तो माझ्या उंबऱ्याच्या आत नको."

सासरे जमिनीवर बसले होते. म्हणाले, "पोरी, मग माझा लेक दुवेशिवाय जाईल."

तो आला. टोपी घालून भिंतीला टेकून बसला. पाणी मागितलं, मी दिलं. तांब्या रिकामा करून, पुसून परत दिला. चांगल्या माणसासारखा.

सगळे गेल्यावर सासरे आमच्या जुन्या हिब्रू पोथीतलं मराठीत सांगायचे. दुष्ट माणूस गवतासारखा. आज हिरवा, उद्या वाळलेला, शोधाल तर जागेवर नाही. मी विचारलं, "उद्या म्हणजे कधी?" ते म्हणाले, लिहिलेलं नाही. मग म्हणाले, पूर्वी एका दुःखी माणसानं देवाला हेच विचारलं होतं, दुष्ट का म्हातारे होतात, नातवंडं का बघतात. देव वादळातनं पुष्कळ बोलला. समुद्र, बर्फ, जनावरं, सगळ्यांचं बोलला. ह्याचं काही बोलला नाही.

सहाव्या दिवशी दुपारी निरोप आला. जॉबर तापानं फणफणलाय, उठवत नाही. माझ्या मनात आलं, लागला वाटतं देवाचा हात. किती वाट पाहिली होती मी. आणि त्याच पावली चुलीकडे गेले. आलं ठेचलं, गवती चहा टाकला, मिरी टाकली. म्हटलं, देवा, आज नको रे. हे सात दिवस होऊ दे.

काढा सासरेच घेऊन गेले. संध्याकाळी तो घोंगडी पांघरून आला, थरथरत बसला. सासरे कद्दीश हळू म्हणत होते, पण त्याचं आमेन बाहेर गॅलरीपर्यंत ऐकू येत होतं.