चराई समितीत गुराखी नाही

"तुयं एक तरी ढोर हाये का वं?"

ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, समितीचे अध्यक्ष मला म्हणाले. बसलेली माणसं हसली. मी मागे, चपलांजवळ बसले होते. बोलायला उभी राहिले, एवढाच गुन्हा.

माझं एकही ढोर नाही, हे खरं. नवऱ्याचा पाय अधू झाल्यापासून बारा वर्षं मी गावाची गुरं राखते. सकाळी ती आखरावर जमतात, तिथून रानात न्यायची, दिवेलागणीला परत आणायची. कोणत्या उतारावरचं गवत आधी वाळतं, हे मला विचारा. पण विचारतो कोण? जंगलाचा सामूहिक हक्क गावाला मिळाला, चराई समिती झाली, आणि ज्याच्या घरी गुरं तोच तिच्यात बसला.

त्या दिवशी ठराव होता : तळ्यामागचं कुरण तीन वर्षं बंद, बांबू लावायचा. मी म्हटलं, "अर्धं बंद करा, अर्धं चारू द्या. नाईतर मले दाट जंगलात जा लागते. तिथी वाघीण हाये, पिल्लं घेऊन."

त्यावर तो प्रश्न आला. ठराव मंजूर झाला. मग अध्यक्ष मलाच म्हणाले, "बाई, जाता जाता सतरंज्या गुंडाळून ठेव."

मी गुंडाळल्या. त्याचाच राग मला अजून येतो. हसणाऱ्यांपेक्षा माझाच जास्त.

दुसऱ्या दिवशी गुरं जमली. मी आखरावर दगडावर बसून राहिले. ऊन चढलं, गुरं हंबरायला लागली, तसे अध्यक्ष आले, मागोमाग गुरांचे मालक.

"काऊन बसून राह्यली? ढोरं ने."

"ढोरं तुमची हायेत भाऊ. जीव माया हाये. मी नाई जात."

"दुसरा गुराखी आणू."

"आणा. पण त्याले वाघिणीचं आधी सांगा."

या वेळी कोणी हसलं नाही. दुपारपर्यंत लोकांनी आपापली गुरं घरी नेऊन बांधली.

आज चौथा दिवस. दुसरा गुराखी मिळालेला नाही. घरोघर गुरांपुढे तणस टाकणं सुरू आहे. काल समितीतला एक जण येऊन म्हणाला, "कुरणाचा एक कोपरा तुयासाठी सोडतो, चाल." मी नाही म्हटलं. दयेचा कोपरा उद्या परत घेतला जातो.

मी दमले आहे. घरात तांदूळ थोडाच आहे. तरी समितीत माझं नाव लागून तो ठराव माझ्यासमोर बदलेपर्यंत या गावाचं एकही ढोर मी रानात नेणार नाही.