बांधकामावर घरचं माणूस

घराचा विषय निघाला की आमचे हे सोफ्यावर पुढं सरकून बसतात. "पावणं, फ्लॅटवाल्यांच्या निम्म्यात बांधलंय हे," असं सांगतात आणि मला चहा टाकायला लावतात. वीस-बावीस वर्षं मी हे ऐकत चहा टाकते आहे. सळई, सिमेंट, गवंड्याची मजुरी, सगळा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. त्यात मी कुठंच नाही.

तेव्हा आम्ही राजारामपुरीत दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मी शाळेत शिकवत होते आणि कायम व्हायला थोडेच महिने उरले होते. जाऊही शिक्षिकाच. दिरांनी कर्ज काढून फ्लॅट घेतला, तेव्हा ह्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. "काडेपेटीत ऱ्हायला गेलं," म्हणाले. आम्ही गावाबाहेर प्लॉट घेतला. मग सासरे, मामेसासरे, शेजारी, जो येईल तो एकच सांगू लागला: बांधकामावर घरचं माणूस उभं पाहिजे, नाहीतर कंत्राटदार लुटतो. ते माणूस कोण, हे कुणी विचारलंच नाही. ह्यांची नोकरी ती नोकरी. माझी सोडण्यासारखी.

आधी बिनपगारी रजा टाकली, मग राजीनामा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "घर काय वर्षात होईल. नोकरी परत मिळेल का?" मला त्यांचा राग आला होता. केवढी मूर्ख होते मी!

वर्षभर उभी राहिले. ओली वाळू मुठीत चोळून तिच्यात माती किती ते ओळखायला शिकले. सिमेंटची पोती मोजून घेतली, स्लॅबवर आळी करून पाणी साठवलं, भिंतींना दिवसातून तीनदा पाइपनं पाणी मारलं. गवंडी म्हणायचा, "वैनी, तुमी एक दिस न्हाय आला की माझी माणसं बिड्या वढत बसत्यात." त्याचा मला अभिमान वाटायचा, कबूल करते.

घर झालं आणि नोकरी मिळाली नाही. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं की दोन-चार महिने शिकवायला बोलवायचे, तेवढंच. गच्ची गळायला लागली, रंग उडाला, कंपाउंडची भिंत खचली. तो खर्चही ह्यांच्या 'निम्म्यात' धरलेला नाही. जाऊला आता पेन्शन मिळते. ती भिशी लावते, कुणाला न विचारता साडी घेते. मला तिचा हेवा वाटतो, अगदी उघड वाटतो.

गेल्या वर्षी मुलानं आणि सुनेनं घराचं काढलं. दोघंही नोकरीला. जेवताना मुलगा मोबाइलवर आकडे मांडत म्हणाला, "बांधलं तर लई वाचतंय."

"पण साइटवर कोण थांबणार?" सुनेनं विचारलं. "मला सुट्टी न्हाय."

आता हिची नोकरी जाणार. तिच्या बाजूनं भांडायचं, असं मनाशी ठरवलंही.

"तू कशाला?" मुलगा म्हणाला. "आई हाय की. तिला सगळं येतंय."

"व्हय की," हे म्हणाले. "दिवसभर बसूनच असती."

सुनेनं आणखी एक भाकरी वाढून घेतली. तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसत होता. तिला दोष देत नाही.

"मी न्हाय," म्हटलं.

"गुडघं दुखत्यात व्हय?" ह्यांनी विचारलं.

"गुडघं ठणठणीत हायत. उभी ऱ्हाणार न्हाय."

ह्यांनी तीन आठवडे अबोला धरला. शेवटी मुलानं फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला जमलेल्या पाहुण्यांना तो सांगत होता, की बांधलं असतं तर किती लाख वाचले असते, पण आई उभी राहायला तयार झाली नाही. पाहुणे हळहळले. वर्षभर उभं राहण्याची किंमत घरात पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं सांगितली, आणि तीही मी केलेलं नुकसान म्हणून.