वाघोबापुढे ठेवलेलं कॉमिक
रद्दीच्या ढिगातून जुन्या कॉमिकचा कुबट वास आला आणि चंद्रपूरचा तो दुपारचा शो आठवला. आमच्या लाडक्या कॉमिकवर सिनेमा निघाला होता, म्हणून मी आणि माझा मित्र सिंदेवाहीहून मोपेडवर गेलो होतो. कॉमिकमध्ये नायक आणि वाघ जिवाचे दोस्त. सिनेमात नायकानं मध्यंतराआधीच वाघाला गोळी घातली. पोरांनी पडद्यावर चपला भिरकावल्या, "पुस्तकात असं नाई" म्हणून बोंबलले. मित्रानं मात्र सोबत आणलेलं कॉमिक पिशवीत नीट सारलं. परतताना जंगलात अंधारून आलं, तसं त्यानं रस्त्याकडेच्या वाघोबाच्या शेंदरी दगडापाशी गाडी थांबवली. "इथी काऊन थांबला बे?" मी विचारलं, तेवढ्यात बाजूच्या बांबूत काहीतरी जड हललं. त्यानं पिशवीतलं कॉमिक दगडापुढे उघडून ठेवलं आणि हात जोडले. "देवा, पाहून घे, आमच्या पुस्तकात तू जित्ता हायेस. मारलं ते शिनेमावाल्यानं." बांबू पुन्हा हलला. माझेही हात आपोआप जुळले. हल्ली तो सिनेमा टीव्हीवर लागतो. गोळी सुटण्याआधीच मी चॅनल बदलतो आणि घरात कोणी नसलं तरी हळूच म्हणतो, "आमी नाई मारलं."